मधला ठोकळा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. ते मी इतकी वर्षं देतच होते, फक्त टपालानं पाठवत नव्हते.

कारखान्याच्या पाटीवर अजून आपल्या दोघांचं नाव आहे, म्हणून कळवणं भाग आहे. यात दुसरा काही हेतू शोधत बसू नकोस. माझा उजवा गुडघा चार वर्षांपूर्वी बदलून घेतला होता. तुला कळवलं नव्हतं, आता कळलं. धातूच्या दोन वाट्या आणि मधे प्लॅस्टिकची चकती. काम इतकं सुरेख झालं होतं की मी पहिल्याच वर्षी शाळेचा दुमजली जिना उभा केला. तोच गुडघा आता टम्म सुजलाय. हात लावला की तव्याला लावल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी सुईनं आतलं पाणी काढलं, ते गढूळ निघालं. तपासायला पाठवलं, तर त्यात जंतू. कुठून आले देव जाणे.

मी म्हटलं, "उघडा, धुवा आणि परत शिवा. मला वाचनालयाचा गोल जिना द्यायचाय."

बाई माझ्या लेकीच्या वयाची आहे, पण कुणाच्या बापाला भिणारी नाही. म्हणाली, "मावशी, हे जंतू धातूला चिकटून बसलेत आणि वरून स्वतःच चिकट थर ओढून घेतलाय. त्या थरातून औषध आत जात नाही. वरवर धुतलं तर चार दिवस बरं वाटेल, मग पुन्हा तेच. सगळं काढावं लागेल."

"काढा. आणि लगेच दुसरा बसवा."

"लगेच नाही. आधी जुना गुडघा काढायचा, आजूबाजूचं सडकं सगळं खरवडायचं आणि मधल्या जागेत औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा. मग सहा आठवडे शिरेतून औषध. मग औषध बंद करून नुसतं थांबायचं. जंतू डोकं वर काढत नाहीत अशी खात्री झाली, की दुसरं ऑपरेशन आणि नवा गुडघा."

"आणि डोकं वर काढलं तर?"

तिनं आडपडदा ठेवला नाही, हे मला आवडलं. म्हणाली, पुन्हा ठोकळा, पुन्हा औषध. तेही फसलं तर हाडाला हाड जोडून पाय कायमचा सरळ करून टाकायचा. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मांडीतून पाय काढायचा.

मोडेन पण वाकणार नाही, हे आपल्या घराण्यात सगळ्यांचंच ब्रीद. पण ते गुडघ्यानंही मनावर घ्यावं का रे? सरळ पायानं जिना कसा चढणार? आणि जिन्यावर पहिलं पाऊल तो बनवणाऱ्याचं, ही आपल्या कारखान्याची रीत तुला माहीत आहे. बाबांनी ती एकदाही मोडली नाही, मीही नाही. जो स्वतःच्या जिन्यावर चढू शकत नाही त्यानं जिने करू नयेत, असं मीच दोन जणांना सुनावून कामावरून काढलंय. म्हणजे आता माझ्यावर काय वेळ आलीय ते तुझं तू समज.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी डॉक्टरीणबाईंकडे चक्क चिरा बुजवायची लांबी मागत होते. हो, तीच. त्या वकिलांच्या जिन्याची बाजूची फळी चिरली होती, ती बदलायला वेळ नाही म्हणून तू चिरेत लांबी भरून वरून पॉलिश मारलंस. मी ती सगळ्यांदेखत पटाशीनं उकरून काढली. तू हत्यारं तिथेच टाकून गेलास, तो गेलासच. मी बरोबर होते. आजही तेच म्हणेन.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हतीच.

हे दवाखान्यातून लिहितेय. पहिलं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या मी म्हटलं, "काढलेला गुडघा बघू द्या." नर्सला वाटलं भूल उतरली नाही. पण डॉक्टरीणबाईंना माझा स्वभाव आता कळलाय, त्यांनी फोटो दाखवला. धातू आरशासारखा लखलखीत होता रे! एक ओरखडा नाही. वस्तू अस्सल होती, करणाऱ्याचा हातही अस्सल होता. बिचाऱ्याचा काही दोष नसताना त्याला बाहेर काढावं लागलं. मला भडभडून आलं. लेक म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हा तू एवढी रडली नव्हतीस." तिला म्हटलं, "तुझे बाबा माझं वजन उचलत नव्हते."

आता मधे ठोकळा आहे. पाय पट्ट्यांच्या साच्यात अडकवलाय, त्यावर भार टाकायची बंदी. ठोकळा फार हुशार आहे म्हणे, जागा धरून ठेवतो आणि आतून औषधही पाझरवत राहतो. पण तो चालण्यासाठी नाही. हे मला रोज तीन वेगवेगळी माणसं सांगून जातात. जणू मी इथून पळतच सुटणार आहे.

जंतू कुठून आले ते देव जाणे, असं मागे लिहिलं होतं. देवाला कशाला मधे घ्यायचं? बाईंनी विचारलं, "मागच्या दोन-तीन महिन्यांत कुठे जखम, गळू, दातांचं काही?" मी म्हटलं, छे. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या डाव्या अंगठ्यावर गेली. तिथला काळा डाग त्यांनी दाबून पाहिला.

"हे काय?"

"कुसळ गेलं होतं. लाकडाचं. त्यात काय एवढं?"

"आणि हे वर काय लावलंय?"

आता आपल्याकडे काय लावतात ते तुला सांगायला नको. सुईनं कुसळ काढायचं, बोट पिळायचं, वर चटकन सुकणाऱ्या गोंदाचा एक थेंब, आणि परत रंध्यावर. रक्ताचा डाग लाकडावर पडता कामा नये! बोटाचं मग बघता येतं. अंगठा ठणकत होता, पू झाला होता, मी वरून आणखी एक थेंब लावला.

बाईंनी डोक्याला हात लावला. "मावशी, तुम्ही दार बंद करून चोर घरातच कोंडलात. तो रक्तातून फिरत फिरत गुडघ्यात जाऊन बसला असणार." खात्रीनं सांगता येत नाही, पण बहुधा असंच, म्हणाल्या. मी वाद घातला नाही. तुला याचं आश्चर्य वाटेल.

मिस्त्रीला निरोप धाडलाय, कारखान्यातल्या गोंदाच्या सगळ्या नळ्या कुलपात ठेव म्हणून. त्यानं उलट निरोप पाठवला, "करवतीला म्हणावं, आधी स्वतः बरी हो." मला सगळे पाठीमागे करवत म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर पहिल्यांदाच म्हणाला. एवढी वाईट अवस्था झालीय माझी.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

घरी आले. दंडातून एक बारीक नळी आत घातलीय, नर्सबाई रोज येऊन त्यातून औषध सोडते. वॉकरवर एका पायानं टुणटुण करत मी घरभर फिरते. व्यायाम घेणारी बाई येते, तिला वाटतं मी हट्टी आहे. तिला म्हटलं, हट्टी माझा भाऊ, मी तर गाय आहे. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

कारखान्यातही जाऊन बसते. लेकीनं आधी थयथयाट केला, मग स्वतःच गाडीतून सोडायला लागली. घरी बसून मी तिला जे ऐकवते त्यापेक्षा हे परवडलं. स्टुलावर पाय लांब ठेवून मी हुकूम सोडते. वाचनालयाचा जिना उभा राहिलाय. काय देखणा झालाय म्हणून सांगू! मधे खांब नाही, आधार नाही, नुसता वळत वर जातो. एका पायरीच्या उंचीत दुसरीपेक्षा दोऱ्याएवढा फरक सापडला तर नाव बदलेन. वाचनालयाचे लोक रोज बघायला येतात आणि उगाच आवाज खाली करून बोलतात. गावात दुसऱ्या कुणाची छाती होईल का असा जिना घ्यायची? आपली आहे.

आता फक्त वरचा कठडा राहिलाय. वळत वळत चढणारा आणि चढता चढता अंगातच पिळला जाणारा. तो मीच करतेय. काम झकास चाललंय. लाकूड जरा वाया गेलं, पण ते व्हायचंच. मिस्त्रीनं मात्र मापाचे कागदी साचे कुठेतरी हरवलेत. शोधून शोधून थकले. विचारलं की माठासारखा बघत राहतो. म्हातारा झाला, दुसरं काय!

तू उंटावरून शेळ्या हाकायला मोकळा आहेस, पण कसा आहेस ते दोन ओळींत कळवायला हरकत नव्हती.

ताई

१६ एप्रिल

धाकट्या,

औषध थांबलं. नळी काढली. आता नुसतं थांबायचं.

खरं सांगू? भूल बरी, सुया बऱ्या, पण हे थांबणं नको. दिवसातून दहादा गुडघ्यावर हाताची पाठ ठेवून बघते, गरम आहे का. मग दुसऱ्या गुडघ्यावर. मग लेकीला बोलावून तिच्या हातानं बघायला लावते. मला भीती वाटते रे. तुला म्हणून सांगतेय, बाकी सगळ्यांना मी "काही नाही होत" असं ठणकावून सांगते आणि ते बिचारे मानतात.

परवा अंग कसकसलं. कपाटात जुन्या औषधाच्या गोळ्या होत्या. मी एक तळहातावर घेतली, पाण्याचा पेलाही घेतला. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या दिवसांत एकही गोळी पोटात गेली तर जंतू लपून बसतील, तपासणी खोटं बोलेल, आणि आम्ही त्या खोट्यावर नवा गुडघा बसवू. वर लाकूड छान, आत कीड. मी ती गोळी किती वेळ धरून बसले होते कुणास ठाऊक. मग सगळीच पुडी लेकीच्या हातात दिली आणि म्हटलं, घराबाहेर नेऊन टाक. ती पुडी घेऊन गेली आणि येऊन माझ्याजवळ बसली. दुसऱ्या दिवशी अंग बरं होतं. साधं पडसं निघालं.

आणि ऐक, काल परत कुसळ गेलं. करंगळीत, चुटपुटतं. मी नुसतं "स्स" केलं आणि सगळा कारखाना गोळा झाला. मिस्त्रीनं मला उचलून गाडीत घातलं. डॉक्टरीणबाईंच्या दारात आम्ही सहा माणसं, दुखणं काय तर करंगळी! त्यांनी कुसळ काढलं, जखम धुतली, उघडी ठेवली आणि सगळ्यांना चहा पाजला. आता कारखान्यात मी सोडून सगळे माझ्या बोटांकडे बघत काम करतात.

कठड्याचं मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नव्हतं. काम झकास चाललं नव्हतं. पिळाचा कठडा बसून होत नाही. तो उभं राहून, त्याच्याभोवती फिरून, अंगाचा भार पटाशीवर टाकून करावा लागतो. दोन तुळया मी वाया घालवल्या, आणि ते लाकूड बघून मला माझीच लाज वाटली. मिस्त्रीला बाकी सगळं येतं, हे येत नाही. बाबांना यायचं, मला येतं.

आणि तुला. हे लिहिताना हात जड झालाय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांबद्दलच. मी तुला काही मागत नाहीये. फक्त सांगतेय, कारण इथे कुणाला सांगता येत नाही.

ताई

९ मे

अरे लबाडा!

मंगळवारी कारखान्याच्या दारात माणसाच्या दीडपट लांब खोकं येऊन पडलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. मी म्हटलं, परत पाठवा, आपण काही मागवलं नाही. मिस्त्री म्हणाला, "आधी उघडा तरी." आणि स्वतःच उघडायला लागला, माझ्याकडे न बघता.

आत कठडा होता, दोन तुकड्यांत, लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून. मी घोंगडी बाजूला केली आणि हात फिरवला. मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. लाकडाचा तंतू पिळाबरोबर वळत गेलाय, कुठेही आडवा तुटलेला नाही. असा हात एकाचाच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे कुणाचं काम आहे?" मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे, ताई."

मग सगळं बाहेर आलं. साचे हरवले नव्हते, तुझ्याकडे गेले होते. आणि हा माणूस इतकी वर्षं दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलतोय! माझ्या हाताखाली राहून! मी त्याला असं झापलं की बाहेरचा रंगारी शिडीवरून उतरून आत डोकावला.  माझा दम संपल्यावर म्हातारा म्हणाला, "खोकं एप्रिलमध्येच यायचं होतं. धाकट्या मालकांनी पहिला कठडा पुरा केला होता. शेवटचा हात मारताना त्यांना आत केसाएवढी चीर दिसली. मी फोनवर म्हटलं, वरून कळणार आहे का? तर म्हणाले, मला कळणार आहे. अख्खा मोडला आणि पहिल्यापासून दुसरा केला."

 वॉकर घेतला आणि मागच्या लाकडांच्या खोलीत जाऊन बसले. लोकांना वाटलं मी चिडलेय. चिडले नव्हते रे. माझी छाती अभिमानानं इतकी भरून आली होती की बोलायला गेले असते तर आवाज फुटला असता, आणि तो मला कुणाला ऐकवायचा नव्हता.

कठडा बसवला. तुझे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे मी नख लावून पाहिलं. नख अडत नाही.

हो, आणि तपासणीचा निकाल आला. सुईनं पाणी काढून दोन आठवडे ठेवलं होतं, जंतू वाढतात का बघायला. काही वाढलं नाही. रक्तही स्वच्छ. गुरुवारी दुसरं ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आता मला चांगली जमीन मिळाली, आता मी बांधते." त्या पोरीचाही मला अभिमान वाटतो. नाही म्हणायला शिकलेली माणसं फार थोडी.

ताई

२ जून

धाकट्या,

झालं. ठोकळा बाहेर, नवा गुडघा आत. या वेळचा जरा दांडगा आहे, त्याला हाडात खोल जाणाऱ्या दांड्या आहेत. ऑपरेशनच्या वेळी काढलेले तुकडेही तपासले, स्वच्छ निघाले. मला लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "निघणारच." मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. ती कुणाला सांगणार नाही म्हणालीय, तूही सांगू नकोस.

पाय वाकतो! दुखतो, कुरकुरतो, मला शिव्या देतो, पण वाकतो. व्यायामाच्या बाईंनी शिकवलंय, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दवाखान्यातला जिना मी चढले आणि उतरले. फार सुमार काम आहे, शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच. तसं मी व्यवस्थापकांना बोलावून सांगितलं. त्यांनी मला लवकर घरी सोडलं.

ताई

१४ जुलै

धाकट्या,

काल वाचनालयाचा जिना खुला झाला. कधीचा तयार होऊन जागेवर बसला होता, पण मी कुणालाही त्यावर पाऊल ठेवू दिलं नव्हतं. ग्रंथपाल बाई शिडीवरून वरच्या मजल्यावरची पुस्तकं उतरवत होत्या आणि माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. मोडू देत.

रीतीप्रमाणे, जिना भार पेलतो हे दाखवायला, खांद्यावर ओझं घेऊन चढायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी साफ मनाई केली होती. आणि त्या स्वतः पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यामुळे चोरून काही जमण्यासारखं नव्हतं. ओझं मिस्त्रीनं घेतलं आणि माझ्या मागून आला. मी म्हटलं, "एवढी मी चढतेय ते ओझं कमी आहे का?" लोक हसले. मग मी चढायला लागले.

डावा हात तुझ्या कठड्यावर होता. मी तो हलका ठेवणार होते, शोभेपुरता. पण वळणावर पाय थरथरला आणि मी घट्ट धरला. धाकट्या, तो माझ्या हाताच्या मापाचा आहे. मिस्त्री शपथेवर सांगतो की त्यानं हाताचं माप पाठवलं नव्हतं.

वर पोचले. टाळ्या झाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष मागोमाग चढून आले, कठड्यावर हात फिरवत फिरवत. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, एवढ्या दुखण्यातून उठलात, पण तुमच्या हाताला तोड नाही."

मी वरून खाली बघितलं. अख्खं गाव जमलं होतं. कारखान्यातली जुनी माणसं होती, तू हत्यारं टाकून गेलास तो दिवस पाहिलेली. मी म्हटलं, "पायऱ्या माझ्या आहेत. कठडा माझ्या भावाचा आहे. आणि या कामात तो माझ्यापेक्षा चांगला आहे. ज्याला ऐकू आलं नसेल त्यानं सांगावं, मी परत सांगते."

मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू नाही आलं!" तो आपला मिस्त्रीच होता, माझ्या पाठीला पाठ लावून उभा. मी परत सांगितलं.

पुरे झालं. आता कामाचं लिहिते. पुढच्या शनिवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. लेक सोबत यायचं म्हणत होती, तिला नको म्हटलं. मिस्त्रीकडून कळलं की तू चौथ्या मजल्यावर राहतोस, लिफ्ट नाही आणि जिना म्हणे अरुंद आणि अंधारा आहे. असू दे. सावकाश चढेन, मधे बसेन, पण चढेन. तू खाली घ्यायला येऊ नकोस. वरच थांब, दार उघडं ठेवून. मी येते.

तुझी ताई